परत मतलब?

पाच वर्षं कोर्टात खेटे घातल्यावर एकदाचा निकाल लागला: मुलीला आईकडे परत द्यावं. नवरा लेकीला पळवून जयपूरला घेऊन आला, तेव्हा सलोनी दोन वर्षांची होती आणि तिला 'आई' एवढा एकच शब्द नीट बोलता येत होता. आज खातीपुऱ्यातल्या त्याच्या दारात विभाने मुलगी ताब्यात मिळाल्याची सही केली. त्याच्या दुसऱ्या बायकोने सलोनीच्या वेणीची रिबीन सारखी केली, दप्तर तिच्या पाठीला अडकवलं आणि ती आत निघून गेली.

रिक्षात विभाने लेकीला जवळ ओढलं. "रडू नकोस गं राणी. तू मला परत मिळालीस."

"परत मतलब?"

विभाने मोडकंतोडकं हिंदी जुळवलं. "मतलब वापस. जिसकी चीज, उसको वापस."

सलोनीने तो शब्द दोनदा पुटपुटून बघितला. मग डोळे पुसले आणि शहाण्या मुलीसारखं विचारलं, "तो आंटीजी, आप मुझे मम्मी को परत कब करोगी?"