चार इंचांचा उंचवटा

अन्नपूर्णाबाईंच्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर रामस्वामी मेकॅनिकनं खडूनं मोठा चौकोन आखला होता. हातात कटर घेऊन तो तयारच उभा होता.

"एवढं कापायचं आणि वर चार इंचांचा पत्र्याचा उंचवटा बसवायचा," मुलगा व्यासराज म्हणाला. "डिझेल इंजिन उंच आहे, अम्मा. बॉनेट लागत नाही."

बाई आठवडाभर तंजावरला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तो गाडी तांबरमच्या या गॅरेजात आणि पेट्रोलचं जुनं इंजिन गायब. आधी कळस मग पाया! नवं इंजिन बसवून झाल्यावर या शहाण्यांना झाकणाची आठवण झाली होती.

"इंजिन काढताना मला विचारलास काय?"

"पेट्रोल किती महागलंय, अम्मा."

"आणि हा उंचवटा आला की मला रस्ता कसा दिसायचा?"

बाईंची उंची चार फूट दहा इंच. आताच त्या बुडाखाली उशी घेऊन गाडी चालवत.

"तू कशाला चालवतेस आता? ड्रायव्हर ठेवू."

म्हणजे हेही ठरलंच होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैलापूरच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला पोटच्या पोरानं न विचारता मोडीत काढलं होतं.

"कटर खाली ठेव," त्या रामस्वामीवर तमिळमध्ये कडाडल्या. त्यानं ठेवलं.

शेजारच्या परोट्टावाल्याकडून त्यांनी मैद्याचा तेलकट गोळा आणला. त्याच्या गोळ्या करून इंजिनावर पाच-सहा ठिकाणी ठेवल्या, बॉनेट हळूच खाली दाबलं आणि उचललं. बाकीच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. एअर फिल्टरच्या गोल डब्यावरची तेवढी चपटी झाली होती.

"या एका डब्यापायी अख्खं बॉनेट कापायला निघालात?"

रामस्वामीनं मान खाजवली. "डबा बाजूला घेता येईल, अम्मा. बॅटरीजवळ. मधे रबरी पाइप टाकू."

"मग हे आधी का सुचलं नाही?"

रामस्वामीनं पाना उचलला. दोन तासांत त्यानं डबा हलवला. बॉनेट लागलं. व्यासराजनं हुश्श केलं.

"थांब. बंद इंजिनावर मोजून काय उपयोग? रेस दिली की ते हलतं." बाईंनी पाइपवर ताजी गोळी ठेवली, बॉनेट लावलं आणि रामस्वामीला रेस द्यायला लावली. इंजिन थडथडलं. बॉनेट उघडलं तेव्हा गोळी बोटभर जाड उरली होती; म्हणजे हलत्या इंजिनावरही तेवढी फट राहत होती.

"हे बघ, झालं ना सगळं नीट!" व्यासराज हसत म्हणाला, जणू युक्ती त्याचीच.

बाई हसल्या नाहीत. त्या स्टिअरिंगमागे बसल्या, उशी सारखी केली, गाडी सुरू केली. मग काच खाली करून हात बाहेर काढला.

"दुसरी किल्ली दे."

"कुठली?"

"जिनं माझ्यामागं गाडी इथं आणलास, ती."

"अम्मा, अगं, अडीनडीला माझ्याजवळ एक असू दे..."

हात तसाच राहिला. व्यासराजनं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याची कडी फाकेना. नखं लावून तो खटपट करत राहिला आणि बाई क्लच दाबून, तळवा पसरून, समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.