कोपरखळी

नायिका मरायला टेकली होती आणि म्हणून गात होती.

पंपदुरुस्तीवाल्याचा या प्रकाराला मुळातच आक्षेप होता. खोकला झालेल्या माणसाने औषध घ्यावं, गाऊ नये. हे मत त्याच्या बायकोने लग्नानंतर लगेचच ऐकून घेतलं होतं, आणि तरीही दर उन्हाळ्यात ती संगीत नाटकांच्या मोसमाचे दोन पास काढायची. तोही कुरकुरत यायचा. नाट्यगृह गार असतं, खुर्ची मऊ असते, आणि बायको शेजारी असली की झोप बिनघोर लागते. गाणं संपलं की बरगडीत तिची कोपरखळी बसायची आणि तो डोळे न उघडता टाळ्या वाजवायचा. घरी जाताना ती विचारायची, "कसं झालं?" तो म्हणायचा, "लांबलं." एवढ्या भांडवलावर दोघांचं सांगीतिक आयुष्य सुखात चाललं होतं.

आज, मोसमाच्या पहिल्याच दुपारी, कोपर आलंच नाही.

त्याला जाग आली ती शांततेने. पंपवाल्यांची जातच तशी, आवाजाने झोप मोडत नाही, आवाज बंद पडला की मोडते. रंगमंचावर नायिका खाटेवर आडवी, डोळे मिटलेले. वाद्यं गप्प. म्हणजे ही गेली आणि आपण मागे राहिलो, असं समजून त्याने घाईघाईने टाळ्या पिटल्या. बायकोनेही लगेच पिटल्या, अगदी मनापासून.

भरल्या नाट्यगृहात दोघांच्याच.

पुढच्या रांगेतलं एक टक्कल सावकाश मागे वळलं. "आजोबा," ते म्हणालं, "जिवंत आहे ती अजून."

होतीच. तिने फक्त श्वास घेतला होता. शेवटचं कडवं बाकी होतं.

तो ओशाळला नाही, त्याला सवय होती. पण बायको? कुकरची शिट्टी बेसूर झाली तरी नाक मुरडणारी बाई ती. त्याने वळून पाहिलं. ती रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

"अगं, चुकलो आपण," तो कुजबुजला.

"हो ना, काय गळा आहे," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच. टक्कल पुन्हा हललं.

एका ठोक्यावरून पंपवाला निदान करत नसतो, दुसरा मारून बघतो. अंधारात तो तिच्या कानाशी झुकला. "घरी नळ उघडाच राहिलाय."

एरवी या वाक्यावर ती चप्पल शोधायच्या आत दारात असती. आज तिने मान डोलावली. "अगदी," ती म्हणाली.

या उन्हाळ्यात ती त्याच्या तोंडाकडे टक लावून त्याचं बोलणं ऐकायची. उतारवयात आपल्या शब्दाला वजन आलं, असा त्याचा समज झाला होता. शेजाऱ्यांना त्याचं सांगूनही झालं होतं.

नायिका कशीबशी मध्यंतरापर्यंत टिकली. दिवे लागले, लोक चहाला गेले. ही दोघं बसून राहिली. त्याने तिच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "कधीपासून?"

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग पडद्याकडे. "थंडीत कमी कमी होत गेलं. आता काहीच नाही. यंत्र लावून पाहिलं दुकानात, नुसती खरखर. मुलीला सांगू नका."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला? तुम्ही म्हणाला असतात, ऐकू येत नाही तर जायचं कशाला."

म्हणाला असता. शब्द न् शब्द हाच. त्यात एक कानाही बदलावा लागला नसता.

"मग येतेस कशाला?" त्याने तरीही विचारलं.

"गाणी पाठ आहेत हो मला," ती म्हणाली. "फक्त संपतात कधी, तेवढं कळत नाही."

लोक परतले. अंधार झाला. नायिका पुन्हा मरायला लागली, आणि पंपवाला आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसला. बंद पडू पाहणाऱ्या यंत्राला कान लावावा तसा त्याने गाण्याला कान लावला. नायिकेने नवऱ्याचा निरोप घेतला, अंगणातल्या झाडाचा घेतला, दाराच्या कडीचाही घेतला. मध्येच ती थांबली. तो फसला नाही. मग तिने फार खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं आणि त्याचा चष्मा धुरकटला. ही नाट्यगृहं नको इतकी गार ठेवतात.

सूर विझला. आता खरंच संपलं होतं. त्याने आधी कोपर उचललं आणि तिच्या बरगडीला हलकेच लावलं. मग टाळ्या वाजवल्या.

तिच्या टाळ्या सगळ्या नाट्यगृहाबरोबर पडल्या. पुढचं टक्कल जागचं हललं नाही.

दिवे लागले. तिने त्याच्याकडे तोंड केलं आणि नेहमीचंच विचारलं, "कसं झालं?"

"लवकर संपलं," तो म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. मग हसली आणि पर्स उचलून उभी राहिली.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "लांबलंच म्हणणार तुम्ही."