टाचेचा पुरावा

इतिहासवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर प्राध्यापकांचा नियम कडक: पुराव्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. "आमची आजी सांगायची" म्हणणाऱ्यांना ते सरळ वाटेला लावत. आज कुणीतरी अळंबीच्या आकाराच्या लाकडी वस्तूचा फोटो टाकून विचारलं, हे काय असावं? कुणी म्हणालं भोवरा, कुणी दाराची मूठ. प्राध्यापकांना राहवेना. त्यांनी लिहिलं, "यावर मोजा ताणून फाटकी टाच रफू करतात. माझी आई करायची." मिनिटभरात उत्तर गायब. ग्रुप सांभाळणाऱ्या त्यांच्याच विद्यार्थिनीचा मेसेज आला, "सर, पुरावा? नियम तुमचाच आहे." प्राध्यापकांनी कपाटाच्या तळाचा डबा उघडून फोटो पाठवला: तशाच लाकडी अळंबीवर ताणलेला त्यांचा शाळेचा राखाडी मोजा, टाचेला तांबडा दोरा. त्या तांबड्या दोऱ्यावरून लहानपणी ते आईवर रुसले होते. "सर, रफू अर्धंच आहे. सुईसुद्धा तशीच अडकलेली." प्राध्यापकांनी सावकाश लिहिलं, "हो. मग आई गेली. पुरावा तिथपर्यंतच आहे."