धोंड्यातला लॅपटॉप

“आज संध्याकाळपर्यंत सांगा,” प्रोग्रॅमिंग क्लासच्या श्रुती मॅडम फोनवर म्हणाल्या. “पायथॉन, जावा की जावास्क्रिप्ट? एकदा भाषा घेतली की मधेच बदलता येणार नाही.”

संयोगिताला पायथॉन घ्यायची होती. पण भावानं माहेराहून पाठवलेल्या तिच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपची तीन बटणं कालच गेली होती. सासूनं, म्हणजे आक्कांनी, टेबल पुसता पुसता त्याच्यावरनंही ओलं फडकं फिरवलं म्हणे, आणि बटणं खालच्या रबरासकट उपटून आली. दोन बटणांवाचून काही अडत नव्हतं. तिसऱ्यावर अर्धविराम आणि दोन टिंबं होती. अर्धविरामाशिवाय जावा हलत नाही आणि दोन टिंबांशिवाय पायथॉन. दरवेळी ते चिन्ह दुसरीकडून उचलून आणून चिकटवायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

“आक्का, बटणं जपून ठेवायची तरी.”

“केरात गेली. बटणंच हैत की, जीव गेलाय व्हय कुणाचा?”

संयोगिताला रडूच आलं. नोकरी लागायची तर ह्याच लॅपटॉपवर शिकून लागणार होती. दुसरा कोण देणार होतं? नवरा, यशराज, दुरुस्तीला शाहूपुरीत नेतो म्हणाला, तर आक्का आडव्या आल्या.

“धोंडा पार पडूदे. मग कुठं न्यायचा तिथं न्या.”

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथं तर अधिक महिना खरोखरच लागला होता. रविवारी लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला यायचे होते आणि आक्कांना दुसरं काही सुचत नव्हतं. संयोगितानं निमूट जावास्क्रिप्ट घेतली. तिथं अर्धविराम नसला तरी भागतं.

रविवारी बिद्रीहून नणंद स्वप्नाली आणि तिचा नवरा राजवीर आले. राजवीर पोटभर जेवला, हात धुतले आणि नेहमीसारखा घरभर फिरला. गेल्या धोंड्याला त्याला मिक्सर आवडला होता. त्याच्या आधी यशराजचं घड्याळ. जावयाला न्हाय म्हणायचं न्हाय, हा आक्कांचाच कायदा.

“नवा दिसतोय,” म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

“ह्याचं दात पडल्यात की.”

“मोडकाच हाय, पावणं,” आक्का म्हणाल्या. “हिच्या माहेरचा. तिथनं दुसरं काय येणार?”

ह्या बाईशी आता जन्मात बोलायचं नाही, असं संयोगितानं मनाशी ठरवलं. राजवीरनं लॅपटॉप मिटला आणि जाताना टेबलफॅन उचलला.

गाडी कोपऱ्यावरनं वळली. आक्कांनी दाराला कडी घातली, कमरेचा बटवा सोडला आणि तीन बटणं, रबरांसकट, सुनेच्या हातावर ठेवली.

“बशीव,” त्या म्हणाल्या. “पुढचा धोंडा तीन वर्सांनी हाय.”