पहिलं गिऱ्हाईक

वर्कशॉपमध्ये अकरा पाय होते. सात डावे, चार उजवे. शिवाय प्लास्टरचे तेवीस साचे, सहा कानशी, दोन करवती, मापांच्या चौदा वह्या आणि एक संगणक. संगणक तिचाच जुना. बाबांचा गेल्या वर्षी बंद पडला तेव्हा तिने आपला आणून दिला होता, आणि बाबांना काही शोधत बसायला नको म्हणून जुन्या संगणकातलं सगळं जसंच्या तसं त्यात उतरवून दिलं होतं.

तिने यादीखाली रेघ मारली.

"बारा," बाबा म्हणाले. "पोस्टमनचा धरला नाहीस."

पोस्टमनला बाबांनी बनवून दिलेला पाय दाराशी पिशवीत होता. गेल्या आठवड्यात त्याची बायको तो ठेवून गेली. पोस्टमन जिन्यावरून पडला होता. खुबा मोडला होता. या वर्षात त्याच्याआधी पाच जण परत आले होते. कुणाचा चालताना झोल जायचा, कुणाची कंबर धरायची. बाबांनी दर वेळी तळव्याखाली चकती लावून दिली होती. पोस्टमननंतर मात्र त्यांनी दारावरची पाटी काढली.

तिने सातचे आठ डावे केले.

"एकतीस वर्षं पुष्कळ झाली, बाबा," दादा खोकी बांधता बांधता म्हणाला. "साधी दाढी करता तर तीन ठिकाणी कापून घेता."

"पायाची नळी कापताना हात थरथरत नाही माझा."

"असं तुम्हाला वाटतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला बोलणं जड गेलं, पण मोजमाप हा तिचा विषय होता. एका वर्षात सहा पाय परत येतात, त्याला योगायोग म्हणता येत नाही.

"दादा बरोबर बोलतोय, बाबा."

बाबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पण घातला नाही.

इथले पाय ज्या प्रोग्रामवर आखले जायचे, तो तिच्या कंपनीचा होता, आणि निम्म्याहून जास्त तिच्या हातचा. बाबा माणसाचं माप घेऊन वहीत लिहायचे, तेच संगणकात भरायचे, आणि छापून आलेल्या कागदाप्रमाणे नळी कापायचे. ते प्रोग्रामचे पहिले गिऱ्हाईक. मुलीचा असला म्हणून फुकट घेणार नाही, असं म्हणून त्यांनी पावती घेतली आणि चौकटीत घालून भिंतीवर लावली.

चोरून नकला होऊ नयेत म्हणून तेव्हा प्रोग्रामबरोबर बोटाएवढी चावी मिळायची. ती संगणकाला खोचल्याशिवाय काम सुरू होत नसे. एकदा ती बाबांच्या हातून ओल्या प्लास्टरमध्ये पडली. दुसरी यायला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस एक शिक्षिका कुबड्या घेऊन वर्गात उभी राहिली.

"चोर मजेत आहेत," बाबा फोनवर ओरडले होते, "आणि पावतीवाला शिक्षा भोगतोय!"

ते तिला लागलं. पुढच्या आवृत्तीत तिने चावीच काढून टाकली. प्रोग्राम ज्या संगणकावर पहिल्यांदा बसवला जाईल, तो संगणक तो मुकाट्याने ओळखून ठेवी; दुसऱ्यावर उतरवला, की ती चोरीची नक्कल धरी. प्रामाणिक माणसाला काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही.

"आणि चोराला?" बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

"त्यालाही नाही. त्याला पडद्यावर सगळं तुमच्यासारखंच दिसतं. फक्त छापताना लांबीतून नऊ मिलिमीटर जातात. गिऱ्हाइकं तक्रार करत परत येतात, त्याचं नाव खराब होतं आणि तो निमूट आमच्याकडे विकत घ्यायला येतो."

"वा, इंजिनियरबाई!" बाबा हसले होते. मग जरा थांबून म्हणाले होते, "पण त्या पायावर चालायचं कुणाला असतं गं? चोराला?"

"तुम्हाला कशाला काळजी? तुमची पावती भिंतीवर आहे."

बाबांचे पाय परत येऊ लागले तेव्हा तिला ती शंका चाटून गेली होती. तिने ऑफिसातली यादी काढून पाहिली. पहिलंच नाव बाबांचं होतं, परवाना चालू. इथला प्रोग्राम उघडला, तर पडद्यावरही तेच नाव, तोच परवाना. म्हणजे हाताचीच चूक. तिने दादाला तसं कळवलं.

"कापण्याआधी कागद वहीशी ताडून बघत होता ना?" दादाने आता विचारलं.

"पूर्वी बघायचो. मग तो कागद माझ्या मुलीचा झाला." बाबांनी चौकट भिंतीवरून उतरवली आणि बाहीने पुसली. "ही मी नेतो. बाकीचं भंगारात द्या."

दादा त्यांचा दंड धरून जिना उतरवू लागला. "सोड रे, पाय माझे शाबूत आहेत," असा आवाज खालून आला. मग गाडीचं दार लागलं.

यादीत शेरा लिहायची जागा होती. हात चुकला एवढं लिहून तिचं समाधान होईना. किती चुकला, ते तिला आकड्यात हवं होतं. तिने पोस्टमनचा पाय पिशवीतून काढून टेबलावर आडवा ठेवला. चौदावी वही उघडली. बाबांच्या सरळ अक्षरात लांबी होती चारशे बारा. वहीत घडी घालून ठेवलेला छापील कागद तिने उलगडला. त्यावर चारशे तीन.

तिने नळीला पोलादी पट्टी लावली. तीन वेळा मोजलं.

चारशे तीन. चारशे तीन. चारशे तीन.