रिकामा चिमटा

मुलं तीन, तिघांच्या इयत्ता वेगळ्या, शाळा घरातच आणि बाई मी एकटी. दिवसभरात शिकलेली एक गोष्ट प्रत्येकानं संध्याकाळी आपल्या चिमट्यानं दोरीवर अडकवायची. त्या दोरीचा फोटो तपासणीस बाईंना गेला, तरच घरच्या शाळेची परवानगी टिकते. आज भागाकार शिकवता शिकवता टेबलावरच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. मधल्यानं पानाच्या शिरांचं चित्र टांगलं होतं, धाकटीनं स्वतःचे चूंचूं वाजणारे बूट. थोरलीचा चिमटा रिकामा. माझा पारा चढला. “एवढी घोडी झालीस, दिवसभर काय दिवे लावलेस?” मी धाकटीकडे वळले. “आणि हे बूट कशाला गं?” “आई झोपली की बूट काढून चालायचं.” “कुणी शिकवलं?” “ताईनं.” फोटो काढण्याआधी मी एक बूट सोडवला आणि थोरलीच्या रिकाम्या चिमट्याला लावला.