भरड वाळू

"बाबा, आज मी विचारत नाहीये. आज मी वाळू बदलतेय," प्रतिमा म्हणाली आणि तिनं पोलक्याची बाही वर सारली.

उमाकांत पेटीसमोरच्या स्टुलावरून हलले नाहीत. "भरड आहे ती राहू दे."

पेटी म्हणजे चार फुटांची काचेची टाकी, आणि तिच्यात खरा समुद्र. बंगळुरात जयनगरातल्या त्यांच्या नव्या घराला समुद्र ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण कारवारहून लाकूड वाहणारा बसवंत ट्रकमधून खाऱ्या पाण्याच्या बरण्या आणायचा. आज त्यानं पोतंभर वाळूही आणली होती, पिठासारखी बारीक. "अक्का, स्वल्प स्वल्प करून सगळा कारवार तुमच्या घरात आणून ठेवला बघा मी," असं म्हणत तो चहा पिऊन गेला होता.

पेटीच्या तळाशी शिंपल्या-पोवळ्यांचा भरड चुरा होता. हरभऱ्याएवढे खडे. त्यांच्यावर तांबडा, बुळबुळीत थर चढत चालला होता. प्रतिमानं त्यातला थोडा शाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. विज्ञानाच्या पद्मावतीबाईंनी डोळा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे साधं शेवाळ नव्हे, जंतू आहेत. खड्यांच्या फटींत माशांचं अन्न अडकून कुजत असणार, त्यावर पोसतात. बारीक वाळू घाल. अन्न वरच राहील, नळीनं ओढून टाकता येईल."

इतकं सोपं होतं. आणि थर आता समुद्रफुलाला, पाण्यात फुलासारख्या उमलणाऱ्या त्या जिवाला, भिडला होता.

ते फूल उपेंद्रदादाचं. मालवाहू जहाजावर नोकरीला लागायच्या आधी कारवारच्या खडकांतून त्यानं ते जेवणाच्या डब्यात घालून आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते जहाज वादळात बुडालं. तार आली. बाकी काही आलं नाही. देह मिळाला नाही तर श्राद्धही नाही, असं आईनं, कृष्णाबाईंनी, एकदाच सांगितलं आणि घरात तो विषय मिटला. दादाचं म्हणून जिवंत असं एवढं एक फूल उरलं होतं. आठवडाभर तेही मिटून बसलं होतं.

बाबा म्हणजे विमानाच्या कारखान्यात केसाएवढ्या फरकासाठी सुटा भाग परत पाठवणारा माणूस. त्याला एवढं कळू नये? रविवार आला की उमाकांत एकटेच बसून खडे मुठीमुठीनं काढायचे, धुवायचे, पुन्हा घालायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. थर पुन्हा यायचाच.

"हे मेलं ना, तर तुमच्या हट्टानं मरेल," प्रतिमा म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच ते वाक्य जड वाटलं. तरी तिनं ते मागे घेतलं नाही.

तिनं कोपरापर्यंत हात घातला, फुलाशेजारची मूठभर वाळू उपसली आणि थाळीत ओतली. खड्यांबरोबर शितं पडली. भाताची. काही कुजून काळी झालेली, काही कालचीच, पांढरी.

"भात? मासे तर भाताला तोंडही लावत नाहीत. पेटीत भात कोण..."

उमाकांत चटकन उठले आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत ताक घुसळल्याचा आवाज चालू होता.

"हळू बोल," ते म्हणाले. "तुझी आई टाकते. रोज दुपारी पान वाढलं की पहिला घास उपेंद्रच्या नावानं. बंगळुरात दुसरा समुद्र कुठून आणायचा तिनं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही."

प्रतिमानं थाळीकडे पाहिलं. मग मिटलेल्या फुलाकडे. "मग सांगा ना तिला," ती कुजबुजली. "त्या घासानंच दादाचं फूल मरतंय."

उमाकांतांनी पोत्यातली बारीक वाळू तळहातावर घेतली. बोटानं सपाट केली. थाळीतलं एक पांढरं शीत उचलून तिच्यावर ठेवलं. ते तिथंच राहिलं, खोलीच्या पलीकडून दिसेल असं.

"घास टाकून ती जरा वेळ काचेशी उभी राहते," ते म्हणाले. "भरड वाळूत तो खाली जातो. उपेंद्र जेवला असं तिला वाटतं, आणि मगच ती पानावर बसते."